दुपारी साडेतीनचं गरम पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मी वायरमन आहे. कोल्हापुरात गेली ३० वर्षं लोकांच्या भिंतींना खाचा पाडतोय. आज घरातल्या फोनवरून चालणाऱ्या वस्तूंबद्दल, म्हणजे स्मार्ट प्लग-बल्बांबद्दल बोलणार आहे. माईकपुढे बसायची सवय नाही, तेव्हा बोलता बोलता कुठे भरकटलो तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात एका काकूंचा फोन आला. त्यांच्या घराचं वायरिंग मीच केलेलं, त्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील. "अरे, आमच्या गिझरला काहीतरी बाधा झालीय," काकू म्हणाल्या. "पहाटे पाणी गारेगार, आणि दुपारी साडेतीनला, कुणाला नको असताना, नळाखाली हात धरवत नाही."

गेलो. गिझर ठणठणीत होता. थर्मोस्टॅट ठीक, कॉइल ठीक. पण सॉकेट आणि गिझरचा पिन टॉप यांच्या मधे एक पांढरा ठोकळा बसलेला, त्यात बारीक निळा दिवा. मुलगा न्यू जर्सीहून पंधरा दिवसांसाठी आला होता. आईवडिलांना पहाटे उठून बटण दाबायला लागू नये म्हणून त्याने हा स्मार्ट प्लग लावला, सकाळी सहाची वेळ घातली आणि परत गेला. पण अ‍ॅपमध्ये त्याचं ‘घर’ न्यू जर्सीतलंच राहिलं. तिकडे उन्हाळ्याचं घड्याळ चालू असताना सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. म्हणजे गिझर बिचारा सांगितलेल्या वेळेलाच तापत होता!

काकांनी ते बंद करायची खटपट केली होती. पण अ‍ॅप मुलाच्या फोनवर, खातं मुलाच्या नावावर, आणि आत शिरायचा कोड जाणार मुलाच्या ई-मेलवर. दुपारी बारा वाजता काका कोड शोधत होते तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच. आणि गंमत म्हणजे त्या प्लगला बाजूलाच एक छोटं बटण होतं. ते दाबलं की फोन नको, कोड नको, प्लग चालू-बंद होतो. ते बटण दोघांना कुणी दाखवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कुठेही असलं काही बसवायला गेलो की आधी विचारतो, खातं कुणाच्या नावावर काढायचं? जो घरात राहतो त्याच्या. परगावच्या मुलामुलींना अ‍ॅपमधूनच घरचे सदस्य म्हणून जोडता येतं, त्यांनाही सगळं दिसतं, चालवता येतं. आणि खातं काढल्यावर पहिलं काम म्हणजे अ‍ॅपमध्ये घराचं ठिकाण आणि वेळ भारताची आहे ना, ते बघायचं.

परदेशातून आणलेल्या वस्तूंचंही सांगतो, कारण काकूंच्या मुलाने आणलेल्या खोक्यात अमेरिकेत घेतलेले दोन प्लग आणि चार बल्बसुद्धा होते. तिकडे घरातला दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नुसतं १२० लिहिलं असेल तर पिन बदलणारा जोड घालून आपल्या सॉकेटात खुपसू नका, जळेल. १०० ते २४० असं लिहिलं असेल तर चालतं. बल्बचं आणखी वेगळं. तिकडचे बल्ब आट्यांचे, आपले होल्डर दोन खिळ्यांच्या बल्बचे. जोड मिळतो, पण व्होल्ट बघितल्याशिवाय तो घेऊ नका. काकूंचा गिझरचा प्लग इथेच घेतलेला होता म्हणून वाचला.

आता नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय घ्यावं? माझं मत विचाराल तर आधी दुकानात जाऊच नका. घरात बसून रोज कशाचा त्रास होतो ते बघा. गिझर बंद करायला विसरता? रात्री जिन्यातला दिवा लावायला अंधारात चाचपडावं लागतं? जो त्रास मोठा, त्याच्यापुरती एकच वस्तू आणा. एकदम दहा आणणाऱ्यांच्या घरी मी नंतर सात काढायला जातो.

बहुतेकांची पहिली वस्तू प्लगच असते. त्यात चूक होते ती अँपिअरमध्ये. आपल्या बोर्डावर दोन तऱ्हेची सॉकेट असतात, लहान ६ अँपिअरचं आणि मोठं १६ अँपिअरचं, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. स्मार्ट प्लगही ६, १० आणि १६ अँपिअरचे येतात. उपकरणावर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागा, अँपिअर निघतात. २००० वॉटचा गिझर पावणेनऊच्या आसपास अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा तेरा. दहाचा प्लग दोन हजारांच्या गिझरला ‘चालतो’ असं दुकानदार सांगेल. चालतो, पण काठावर चालतो, आणि रोज अर्धा तास काठावर चालणारी वस्तू गरम होते. गिझर, इस्त्री, हीटर यांना १६चाच. टेबललॅम्पला, फोनच्या चार्जरला ६चा पुरे.

पाण्याच्या मोटारीला मात्र स्मार्ट प्लग लावू नका. मला महिन्याला एकतरी माणूस हे विचारतो. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. प्लगमधल्या चिमुकल्या रिलेचे, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या बटणाचे, कॉन्टॅक्ट त्या ठिणगीने हळूहळू भाजतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटतात. मग फोनवर ‘बंद’ दिसतं आणि गच्चीवरून पाण्याचा धबधबा चालू. मोटारीला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा दणकट रिले, लागतो, ते काम वायरमनकडून करून घ्या. माझ्या धंद्याची जाहिरात समजा हवं तर.

आता वाय-फाय. इथे निम्मी माणसं हात टेकतात. प्लग लावला, दिवा भराभर लुकलुकतोय, अ‍ॅप शोधतंय, शोधतंय, आणि शेवटी ‘जोडता आलं नाही’. प्लग बिघडलेला नसतो. तुमचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचची पट्टी वेगवान, पण भिंतीपलीकडे तिचा जोर ओसरतो. २.४ची सावकाश, पण लांब पोचते. स्वस्तातले बहुतेक प्लग-बल्ब फक्त २.४वर ऐकतात. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, फोन पाचवर जाऊन बसतो आणि दोघांची भेटच होत नाही. उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत पाचची पट्टी बंद ठेवा. तेही जमत नसेल तर फोन घेऊन राउटरपासून दोन खोल्या लांब जा. फोन बऱ्याचदा आपोआप २.४वर उतरतो. प्लग मात्र तात्पुरता तिथल्याच सॉकेटात लावा. एकदा जोडला की मग उचलून त्याच्या जागी न्या.

जोडताना अ‍ॅप लोकेशन मागतं, ब्लूटूथ मागतं. जवळचं उपकरण शोधायला ते लागतं, तेवढ्यापुरतं द्या. काम झालं की लोकेशन काढून घेतलं तरी बिघडत नाही. पण बल्बचं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट मागायला लागलं तर त्याला विचारा, तुला कुणाला फोन करायचाय?

आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा. वाय-फायचं नाव किंवा पासवर्ड बदलला की घरातली ही सगळी मंडळी तुम्हाला विसरतात, मग एकेकाला पुन्हा ओळख करून द्यायची. नवा राउटर आला तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. त्यांना कळतसुद्धा नाही की राउटर बदलला.

बल्बचा अनुभव मजेशीर आहे. स्मार्ट बल्ब फोनवरून लागतो, मंद होतो, रंग बदलतो. पण भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की त्याला वीजच नाही, आता फोनवर कितीही टिचक्या मारा. आणि आपल्या घरात बटण बंद करणारी माणसं असतातच. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं हे आपल्याला लहानपणी धपाटे घालून शिकवलंय. काकूंच्या मुलाने बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. काकूंनी दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली, आणि मी काकूंच्या बाजूचा आहे.

म्हणून मुख्य दिव्याला मी स्मार्ट बल्ब लावत नाही. त्याऐवजी काडेपेटीएवढं मॉड्यूल येतं, ते बोर्डाच्या आत, बटणामागे बसतं. जुनं बटण जागेवरच राहतं आणि चालतं. आजी बटण दाबेल, नातू फोनवरून दाबेल, दिवा दोघांचंही ऐकतो. फक्त बहुतेक मॉड्यूलना स्वतःला जागं राहायला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, लागतो, आणि नुसत्या बटणांच्या बोर्डात पुष्कळदा तो नसतो. तिथे फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, येते आणि बटणातून दिव्याकडे जाते. न्यूट्रल परस्पर दिव्याला गेलेला असतो. घरच्या घरी अंदाज बांधायची एक खूण सांगतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे, त्यात न्यूट्रल असणारच, कारण त्याशिवाय सॉकेट चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांवर एकतरी सॉकेट असतं, हे आपलं नशीब. पण बोर्ड उघडायचा तो मेन बंद करून, आणि सवय नसेल तर उघडायचाच नाही. व्हिडिओ बघून बोर्ड उघडलेल्या एका भावाकडे मी गेलो होतो. त्याने टेस्टरचा दिवा लागत नाही ती वायर न्यूट्रल समजून जोडली. ती अर्थिंगची होती.

पंख्याला मॉड्यूलने नुसतं चालू-बंद करा, रेग्युलेटर आहे तिथे राहू द्या. दिव्याचा डिमर पंख्याला लावला तर पंखा घूं-घूं आवाज करतो आणि तापतो. जुना एसी असेल तर त्याला हातही लावू नका. रिमोटची नक्कल करणारी एक डबी येते, इन्फ्रारेडवाली. ती एसीच्या समोर, मधे कपाट येणार नाही अशी ठेवली की काम होतं.

आता लाइट जाण्याबद्दल, कारण या वस्तू बनवणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक लाइट न जाणारी गावं असावीत. रात्री दोनला वीज गेली, तीनला आली, की काही स्मार्ट बल्ब आपणहून पूर्ण उजेडात लागतात. अख्खं घर उठून बसतं. अ‍ॅपमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. दिव्यांना ‘आधी होतं तसं’ ठेवा. गिझरच्या प्लगला मात्र ‘बंद’च ठेवा. घरात कुणी नसताना वीज आली आणि गिझर चालू झाला, असं नको. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

बोलणाऱ्या स्पीकरबद्दल थोडंच सांगतो. अलेक्सा हिंदी बोलायला लागली २०१९ साली. काकू तिच्याशी हिंदीतच बोलतात, पण गिझरला त्या जन्मभर बंब म्हणत आल्या. "बंब चालू करो" म्हटल्यावर स्पीकरने काय ऐकलं असेल देव जाणे, तो बराच वेळ गप्प होता. उपकरणांना साधी, एकमेकांसारखी न वाटणारी नावं द्या. शेवटी अ‍ॅपमध्ये त्याचं नाव आम्ही गिझरच ठेवलं. काकू अजून बंब म्हणतात, आणि मग स्वतःच उठून बटण दाबतात.

कॅमेरा घेणार असाल तर कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच काबीज केले. कारखान्यातून आलेले साठ-एक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा, आणि लोकांनी ते बदललेलेच नसायचे. त्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या, त्या या घरगुती कॅमेऱ्यांच्या फौजेने इंटरनेटवरून केलेल्या माऱ्यामुळे. बेडरूममध्ये कॅमेरा लावायला मला सांगू नका, मी लावत नाही.

कंपनी निवडताना आणखी एक बघायचं. पुष्कळ वस्तूंचं डोकं भिंतीत नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची कंपनी होती, २०२२ च्या एप्रिलमध्ये तिचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि गिऱ्हाइकांची अ‍ॅपं एका रात्रीत मुकी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं. ते पाळणारी वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपवर चालते आणि घरातल्या घरात बोलू शकते. खोक्यावर तशी खूण असेल तर चार पैसे जास्त गेले तरी मी तीच घ्या म्हणतो.

काकूंच्या घरी शेवटी काय राहिलं? गिझरचा प्लग, हॉलच्या बोर्डात एक मॉड्यूल, आणि देवघरात एक स्मार्ट बल्ब, कारण तिथलं बटण कुणी बंद करत नाही. खातं काकांच्या नावावर केलं, मुलाला सदस्य म्हणून जोडलं. प्लगचं ते बाजूचं बटण काकूंकडून मी दहा वेळा दाबून घेतलं.

पुष्कळ वस्तूंवर एक चौकोनी कोड आणि आकडे छापलेले असतात. पुन्हा जोडायची वेळ आली की तेच लागतात, आणि तोवर खोकं रद्दीत गेलेलं असतं. म्हणून काकांनी एका वहीत सगळे आकडे उतरवून घेतले, शेजारी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड लिहिला, आणि कोणती वस्तू कुठे आहे तेही. वही गॅसच्या पुस्तकाजवळ, स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलीय.

नमस्कार.