त्यात काय एवढं, असं म्हणू नका

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या रांगा रिकाम्याच आहेत. विषय फलकावर लिहिलाय, तरुण मुलांच्या आयुष्यातले छोटे टप्पे आणि माणसाची स्मरणशक्ती. स्मरणशक्तीचं संशोधन मी सांगणारच आहे, पण त्याआधी एक तक्रार मांडायचीय, कारण बरीच वर्षं ती मनात आहे आणि आज ऐकणारी माणसं समोर आयती बसलीयत.

तक्रार अशी की मोठ्या टप्प्यांचं आपण सगळं व्यवस्थित करतो. निकाल, नोकरी, लग्न, ह्याचे फोटो निघतात, फोन जातात, माणसं घरी येतात. पण वीस-बावीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा रात्रभर एकट्याने प्रवास करून पहाटे अनोळखी शहरात उतरतो आणि पत्ता शोधत बरोबर जागी पोचतो, किंवा घरातला गळका नळ स्वतः खोलून वायसर बदलतो, किंवा आजारी वडिलांना घेऊन दवाखान्यात जातो आणि फॉर्मवर ‘नातेवाईक’ लिहिलंय त्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही करतो, त्याचं काय? घरी येऊन सांगितलं की उत्तर ठरलेलं, त्यात काय एवढं. वर आणखी, मुलगा आहेस, एवढं यायलाच पाहिजे. म्हणजे आलं तर कौतुक नाही आणि नाही आलं तर बोलणी. मग दोन-तीनदा असं झालं की पोरगं सांगायचंच बंद करतं, आणि नंतर आपणच म्हणत बसतो की हल्ली काही बोलतच नाही.

माझ्या भाच्याचं सांगतो. मला रात्री उशिरा फोन, मामा, आज चढावर गाडी बंद पडली नाही. एवढंच वाक्य. आता ज्यांनी गिअरची गाडी शिकलीय त्यांना ह्या वाक्याचं वजन लगेच कळेल, बाकीच्यांसाठी जरा फोड करून सांगतो, घाई नाहीये.

गाडी चढावर उभी, पुढे सिग्नल, मागे बस अगदी चिकटून. पाय तीन गोष्टींवर, आणि पाय आहेत दोन. ब्रेक सोडून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घसरणार, क्लच पटकन सोडला तर गचका खाऊन बंद पडणार, आणि एकदा बंद पडली की मागचे हॉर्न सुरू. सपाट रस्त्यावर महिनाभर छान चालवलेली गाडी चढावर माणसाला पार परकी वाटते. क्लास घेणारे सांगतात, हाफ क्लच पकड, पण हाफ म्हणजे नेमका किती हे कोणालाच तोंडाने सांगता येत नाही.

आत काय चाललेलं असतं? इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतंय, चाकं जागच्या जागी थांबलेली. क्लच पूर्ण दाबलेला असताना ह्या दोघांचा संबंध तुटलेला असतो. पाय हळूहळू वर आणला की चाकांकडची क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, घासायला लागते, आधी निसटती, मग घट्ट. मधे एक अशी जागा येते जिथे प्लेटने पकडलंय पण अजून पूर्ण पकडलेलं नाही, तेवढ्यावरच गाडी चढावर तोलली जाते. ती जागा पायाला कळायच्या आधी कानाला कळते, इंजिनाचा आवाज एकदम जड होतो, खाली उतरतो. बॉनेट समोर किंचित उचललं जातं, एवढंसं. त्या क्षणी पाय तिथेच धरून ठेवायचा, थोडी रेस द्यायची आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे न जाता पुढे सरकते.

हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, आवाजाची नक्कल करून. बॉनेट उचललं गेलं ते तो दोनदा बोलला, मामा, समोर दिसलं मला. मागच्या बसने हॉर्न वाजवलाच नाही! ह्या गोष्टीचा त्याला केवढा आनंद. आणि शेजारच्या सीटवर त्याचे वडील बसलेले. तुम्ही मुलाच्या शेजारी बसला असाल तर माहीत असेल, आपला उजवा पाय आपोआप पायाखालच्या मॅटवर दाबला जातो, तिथे ब्रेक नसतो तरी. तर भाचा म्हणाला, बाबांचा पाय आज हलला नाही. मग मी विचारलं, बाबा काय म्हणाले? काही नाही म्हणाला, पुढे डावीकडे घे म्हणाले.

माझी तक्रार नेमकी ह्या जागेवर आहे. वडिलांना कळलं नव्हतं असं अजिबात नाही, पाय हलला नाही म्हणजे सगळं कळलं होतं. फक्त तोंडातून आलं नाही. ते दोन शब्द जर त्या सिग्नलच्या पुढे गाडीतच मिळाले असते तर पोराला रात्री दुसऱ्या गावात मामाला फोन करावा लागला नसता. मला फोन आला ह्याचा मला आनंदच आहे, तो वेगळा विषय.

आता हाताशी आलंय तर सायकलचंही सांगतो. सायकल डावीकडे वळवताना हँडल कुठे फिरवता? सगळे म्हणतात डावीकडे. प्रत्यक्षात चालत्या सायकलचं चाक आधी किंचित उजवीकडे जातं, त्याने सायकल डावीकडे कलते, आणि मग चाक डावीकडे येतं. आपण सगळे हे रोज करतो आणि करतोय हे माहीतच नसतं. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरच्या हे लक्षात आलं होतं, तो सायकलवाल्यांना हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकीचंच मिळायचं. राइट बंधूंचं डेटनमध्ये १८९२ पासून सायकलींचंच दुकान होतं.

आणि त्यांचं पहिलं उड्डाण बघा ना, १७ डिसेंबर १९०३. ऑर्व्हिल ३२ वर्षांचा, उड्डाण १२ सेकंदांचं, अंतर १२० फूट. एवढ्या वेळात माझं एक वाक्य धड पूर्ण होत नाही. पण त्या दोघांनी काय केलं होतं तर समुद्रकाठच्या जीवरक्षक केंद्रातली माणसं बघायला बोलावली होती, ऑर्व्हिलने कॅमेरा आधीच रोखून ठेवला होता आणि जॉन डॅनियल्स नावाच्या माणसाच्या हातात त्याचा रबरी फुगा दिला होता, योग्य वेळी दाब म्हणून. ह्या डॅनियल्सने त्याआधी कधी फोटो काढलेला नव्हता. त्याने दाबला, आणि तो फोटो आज सगळ्या जगाला माहितीय. संध्याकाळी वडिलांना तार गेली. जगातली एवढी मोठी गोष्ट झाल्यावर सुद्धा त्यांना पहिल्यांदा घरी सांगायचं होतं, हे मला फार आवडतं. बघायला माणसं होती आणि सांगायला घर होतं.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, संशोधन पटपट सांगतो.

वयस्क माणसांना एकेक शब्द देऊन त्यावरून स्वतःच्या आयुष्यातली आठवण सांगायला लावतात. ह्या आठवणी वयानुसार मांडल्या की अगदी अलीकडचा काळ सोडला तर साधारण १० ते ३० ह्या वयातल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली हे नीट दाखवलं आणि नंतर ते वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं. का, तर एक कारण असं सांगतात की ह्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा होतात, आणि मी कोण हे ठरायचं वयही तेच.

दुसरं, रुबिन आणि डॉर्टे बर्न्सेन ह्यांनी २००४ साली डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की आत्ता जन्मलेल्या एका सामान्य बाळाच्या आयुष्यात सर्वात महत्त्वाच्या सात घटना कोणत्या असतील. उत्तरं काय आली तर मुलं होणं, लग्न, शाळा, नोकरी. म्हणजे समाजाकडे मोठ्या टप्प्यांची यादी तयार असते. त्या यादीतल्या गोष्टी लोक आपणहून विचारतात, तुम्हीही सांगता, त्या टिकतात. चढावरची गाडी त्या यादीत नाही, फॉर्मवरची सही नाही, म्हणून त्या कोणी विचारत नाही.

तिसरं आणि शेवटचं. रोडिगर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग. मुलांना उतारा वाचायला दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. तो उताऱ्याचा प्रयोग होता, पण स्वतःच्या गोष्टीलाही ते लागू पडतं असं मला वाटतं, सांगितलेली गोष्ट पक्की होते. म्हणून भाच्याचा फोन आला की मी विचारत जातो, तेव्हा नेमका कुठे होतास, शेजारी कोण होतं, आवाज कसा आला. त्याला सांगता सांगता अजून आठवतं, आणि मला ऐकायला मजा येते.

अजून बरंच होतं, राहू दे. मघापासून तिथे खिडकीजवळ एक मुलगा हात वर करून बसलाय, त्याला आधी माइक द्या. हां, बोल रे.