चालताना थांबून उत्तर देणारी माणसं

(मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांचं पुनर्वसन या विषयावर एका फिजिओथेरपिस्टने दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. माझ्याकडे नवा रुग्ण आला की मी त्याला आधी दहा मीटर चालायला लावते आणि वेळ मोजते. मग तेच दहा मीटर पुन्हा, पण या वेळी शंभरातून सात-सात वजा करत, मोठ्याने. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. पहिल्या फेरीत त्या बऱ्या चालल्या. दुसऱ्या फेरीत 'त्र्याण्णव' म्हणाल्या, तीन पावलं टाकली आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. उभ्यानेच म्हणाल्या, 'शहाऐंशी', आणि पुन्हा चालू लागल्या. शेवटी खुर्चीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "पाय बिघडलेत की डोकं?"

आज त्यांच्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या मायलिनवर, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणावर, हल्ला करते. आवरण गेलं की संदेश मंदावतो, कधी वाटेतच अडतो. मग मेंदू पर्याय शोधतो. मेंदूच्या चित्रणात दिसतं, की साध्या हालचालीलासुद्धा या लोकांच्या मेंदूचा नेहमीपेक्षा जास्त भाग कामाला लागतो. तुमच्या-माझ्या बाबतीत चालणं आपसूक होतं, त्यांना त्यासाठी लक्ष खर्चावं लागतं. लक्ष चालण्यात गुंतलेलं असताना वजाबाकी विचारली की दोन्हींतलं एक थांबतं. म्हणून बाईंना मी सांगितलं, की पाय वेगळे आणि डोकं वेगळं असा हिशोब इथे लागत नाही.

पण औषधोपचाराच्या जगाने तो हिशोब बराच काळ वेगळाच मांडला. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हा स्मृती क्षीण होते आणि विचार मंदावतो हेही त्यांनी नोंदवलं होतं. नंतर जवळपास शंभर वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. अपंगत्व मोजायला आजही जी पट्टी सर्वाधिक वापरली जाते, ती अमेरिकन मेंदूतज्ज्ञ कर्ट्झकी यांची 1983 ची ईडीएसएस. शून्य ते दहा, आकडा जितका मोठा तितकं अपंगत्व जास्त. चारच्या पुढे ती मुख्यतः चालण्यावर सरकते. शंभर मीटर जायला काठी लागली की सहा. विचारांची गती मंदावल्याने नोकरी गेलेला माणूस या पट्टीवर दोनवर असू शकतो. मग अशा माणसाला 'तुम्ही तर ठणठणीत दिसता' हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकावं लागतं. आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त. ऐन कामाचं वय.

आता शरीराकडे. इथे एक जुनी चूक सांगायलाच हवी, कारण तिची सावली अजून गेलेली नाही. 1890 मध्ये ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी पाहिलं, की श्रम झाल्यावर काही रुग्णांची नजर अंधुक होते. पुढे कळलं की कारण श्रम नसून उष्णता आहे. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. थंड झालं की पुन्हा वाहतो. इजा काही होत नाही. पण वैद्यकाने अर्थ काढला, 'व्यायाम बाधतो'. पिढ्यान् पिढ्या रुग्णांना सांगितलं गेलं, आराम करा, शक्ती राखा. आरामाने स्नायू झिजले, दम कमी झाला, आणि त्याचंही खापर आजारावर फुटलं. 1996 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये पेटाजान आणि सहकाऱ्यांनी 54 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाने पंधरा आठवडे एरोबिक, म्हणजे दम वाढवणारा, व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, आजार बळावला नाही. त्यानंतर वारं फिरलं.

आज सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठीचा सल्ला असा आहे: आठवड्यातून दोनदा तीस मिनिटं मध्यम एरोबिक व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. बस. हे आकडे ऐकून लोक चकित होतात, त्यांना वाटतं याहून पुष्कळ करावं लागेल. उष्णतेचं भान मात्र ठेवायचं. पंखा, थंड पाणी, दिवसाची गार वेळ, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. कूलिंग व्हेस्ट, म्हणजे अंग गार ठेवणारी जाकिटं, मिळतात, त्याही चालतात. व्यायामानंतर नजर धूसर झाली आणि शरीर निवल्यावर साफ झाली, तर घाबरू नका. नवं लक्षण ताप किंवा संसर्ग नसताना चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना कळवा.

स्नायूंच्या ताठरपणाबद्दल एक गोष्ट, जी आम्ही स्वतः रुग्णांकडून शिकलो. ताठरपणा नेहमीच शत्रू नसतो. एखाद्याची मांडी कमजोर असते आणि गुडघा केवळ त्या ताठरपणाच्या जोरावर उभा असतो. औषधाने तो पुरता सैल केला, की माणूस सकाळी पलंगावरून उठतो आणि मटकन खाली बसतो. म्हणून बॅक्लोफेनचा, म्हणजे ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा, डोस वाढवण्याआधी त्याला उभं राहताना बघायला हवं. चवडा उचलला जात नसेल तर घोट्याचा स्प्लिंट आहे, किंवा पायाच्या नसेला हलका विद्युतझटका देऊन चवडा उचलणारं यंत्र आहे. काठी कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मे लोक उलटी धरून येतात, आणि काठी कामाचीच नाही म्हणतात.

आता डोक्याकडे येते, इथे मला जरा रेंगाळायचं आहे. एमएस असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना बोधात्मक त्रास, म्हणजे विचार करण्याचा आणि लक्षात ठेवण्याचा त्रास, होतो. भाषा आणि जुनं ज्ञान बहुधा शाबूत राहतं. मंदावते ती गती, आणि नवी गोष्ट मनात ठसवणं जड जातं. गती मोजायला नव्वद सेकंदांची एक चाचणी आहे, चिन्हांना आकडे लावायची. घरच्यांना हे कळलेलं नसेल, तर त्यांची वाक्यं ठरलेली असतात: 'ऐकतच नाही', 'हल्ली कशात लक्षच नसतं'. खरं तर तो माणूस तुमच्या पहिल्या वाक्यावर अजून विचार करत असतो आणि तुम्ही तिसऱ्यावर पोचलेले असता.

यावर उपाय काय? ठसवण्याची पद्धत बदलता येते. ज्या गोष्टी लक्षात ठेवायच्या त्यांची मनात चित्रं करायची आणि ती एका गोष्टीत ओवायची. दहा सत्रांत शिकवता येणाऱ्या अशा एका पद्धतीची 2013 मध्ये काटेकोर चाचणी झाली आणि रुग्णांची नव्याने शिकण्याची क्षमता सुधारलेली दिसली. दुसरं, पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा कागद झाकून आठवून बघणं, आणि उजळणी एका बैठकीत न उरकता दिवसांच्या अंतराने करणं. आपल्या शाळांनी हेच उलटं शिकवलंय, पण ते असो. तिसरं, डायरी. एकच. पाच ठिकाणी नोंदी करणारा माणूस नोंदी शोधण्यातच थकतो.

मेंदूच्या खेळांची ॲप लोक मला हमखास विचारतात. त्याने त्या खेळात प्रगती होते. रोजच्या जगण्यात किती उतरतं, यावर माझा फार विश्वास नाही. इथे मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. 2023 मध्ये कॉगएक्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सहा देश, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू बळावत जाणारा, एमएस असलेले 311 रुग्ण, बारा आठवडे. संगणकावरचं बौद्धिक प्रशिक्षण आणि एरोबिक व्यायाम, दोन्ही एकत्र दिले तर विचारांची गती जास्त सुधारते का, हा प्रश्न होता. उत्तर आलं, नाही. नुसतं ताणणं-तोल सांभाळणं आणि इंटरनेट वापरायला शिकणं एवढंच मिळालेल्यांहून हा गट सरस ठरला नाही. वाचून मी दोन दिवस खिन्न होते. मग लक्षात आलं, की विचारांच्या गतीचे गुण सगळ्याच गटांत वाढले होते. काही अंशी चाचणीची सवय झाली असेल. पण आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडणं, कुणी तरी वाट बघत असणं, यांचा वाटा त्यात किती, हे मला त्या दिवसापासून सतावतंय.

थकव्याबद्दल थोडंच बोलते, कारण त्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. तो झोपेने जात नाही, आणि गळून गेल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा घेतलेली असते. ती आधी घ्यायची, घड्याळ लावून. बसून होणारं काम उभ्याने करायचं नाही.

त्या बाईंकडे परत जाऊ. चालता-चालता वजाबाकीचा सराव आम्ही केला, मोकळ्या खोलीत, मी शेजारी चालत. चार महिन्यांनी त्या न थांबता एकोणऐंशीपर्यंत पोचल्या. मला आनंद झाला, त्यांना फारसा नाही. "शाळेत चालताना वजाबाकी कोण विचारतं?" म्हणाल्या. मग आम्ही खऱ्या जागा शोधल्या. अडचण निघाली जिन्यात. जिना उतरताना वरून कुणी तरी हाक मारायचं, त्या वळून उत्तर द्यायच्या आणि तोल जायचा. दोनदा पडल्या होत्या. त्यांनी शाळेत आणि घरी नियम केला, की जिन्यात त्यांना हाक मारायची नाही. आता त्यांचा मुलगा खाली उभा राहतो, शेवटची पायरी उतरेपर्यंत गप्प, आणि मग विचारतो, "आई, आज काय झालं?"