रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

पडद्यावर दिसतंय ते लहान आतड्याचं अस्तर, सुमारे हजार पट मोठं केलेलं. शिरेतून दिलेल्या रंगद्रव्यामुळे ते आतून उजळलंय. आता एंडोस्कोपच्या नळीतून त्यावर गव्हाचं मिश्रण सोडलंय. पाचच मिनिटांत अस्तराला फटी पडतात आणि रंग बाहेर झिरपू लागतो.

जर्मनीतल्या कील इथल्या आनेट फ्रिचर-रावेन्स यांच्या गटाने अशा तपासण्या केल्या. रुग्ण होते आयबीएसचे, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ या आतड्याच्या जुनाट त्रासाचे. पोटदुखी, गॅसेस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि हे सगळं वर्षानुवर्षं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०८ पैकी ७६ जणांच्या आतड्याने कुठल्या ना कुठल्या अन्नावर अशी प्रतिक्रिया दिली. सर्वाधिक वेळा ते अन्न गहू होतं. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या चाचण्यांत मात्र यांना काहीच निघालं नव्हतं.

हे असं का होतं, याचा एक धागा बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठात सापडला. गी बूक्स्टान्स यांच्या गटाने उंदरांना आतड्याचा जंतुसंसर्ग केला आणि त्याच काळात अंड्यातलं एक प्रथिन खायला दिलं. संसर्ग बरा झाला. पण नंतर तेच प्रथिन पोटात गेलं, की उंदरांचं पोट दुखू लागे. आजारपणात पोटात आलेल्या साध्या अन्नालाही रोगप्रतिकारशक्तीने शत्रू ठरवलं होतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं आतड्याच्या भिंतीतच तयार झाली. तिथल्या मास्ट पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्याच पेशी) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि वेदनेच्या नसा हुळहुळ्या होतात.

मग माणसांवर प्रयोग झाला. आयबीएसच्या १२ रुग्णांच्या गुदाशयाच्या अस्तरात गहू, ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन), सोया आणि दूध यांचे सूक्ष्म थेंब टोचले. बाराही जणांची निदान एका पदार्थावर प्रतिक्रिया आली. आठ निरोगी माणसांत ती फक्त दोघांची. संख्या लहान आहे, मान्य. तरीही ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घरी परतलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं. वेदना खरी असते. ती रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, कारण तिचं मूळ आतड्याच्या भिंतीत असू शकतं.

अर्थात, प्रत्येक वेळी दोष गव्हातल्या प्रथिनाचाच असेल असं नाही. ऑस्लोत २०१८ साली ५९ जणांवर झालेल्या अभ्यासात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त त्रास दिला. फ्रुक्टान ही गव्हातली कर्बोदकं, कांदा-लसणातही असतात.

आणि सीलिअ‍ॅक हा आजार तर वेगळाच. त्यात ग्लूटेनमुळे रोगप्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि ते झिजत जातं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असतो. त्याची रक्तचाचणी आहे, टीटीजी नावाची. पण ती करायची ती गहू खात असताना! आधीच पोळी बंद केली तर चाचणी खोटा दिलासा देते. म्हणून कळकळीने सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गहू सोडू नका.

सीलिअ‍ॅक ठरलाच, तर ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदूळ, नाचणी हे सगळं चालतं. मात्र बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबा वाचून घ्या. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर तो ज्वारीच्या पिठातही उतरतो. अशा घराने दळण वेगळ्या जात्यावर किंवा घरच्या चक्कीवरच करावं.