कथालेखकाचे वर्ष

रसिकहो, कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा आपल्या बेळगाव परिसरातल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत तरुण लेखक एक प्रश्न हमखास विचारतात: नोकरी आणि शेती सांभाळून सातत्याने कथा लिहायची तरी कशी? उत्तरादाखल प्रतिभा आणि स्फूर्ती यांवर पुष्कळ बोलले जाते. आपले वर्ष कसे आखले गेले आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

मराठी कथालेखकाचे वर्ष दिवाळी अंक ठरवतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या परंपरेने मराठी कथेला मोठा आधार दिला, पण तिने लेखकाला एका हंगामाचा लेखकही करून टाकले. संपादकांची विचारणा उन्हाळ्याच्या शेवटी येते आणि कथा ऐन पावसाळ्यात द्यायची असते. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात नेमके तेच दिवस भाताच्या लावणीचे. दिवाळीनंतर सुगी, आणि सुगी आटोपली की संमेलने सुरू. १९५६ मध्ये हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला; त्यानंतरही इथली मराठी वाचणारी, लिहिणारी माणसे या संमेलनांनी एकत्र ठेवली, आणि त्यांचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. तरीही तीच गाजलेली कथा हिवाळाभर गावोगावी सांगत राहिल्याने नवी कथा तयार होत नाही, हे लेखकाने ओळखले पाहिजे.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरीला होते. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे आणि मग कामावर जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. कामानिमित्त सतत फिरावे लागे, म्हणून ते आगगाडीतही पेन्सिलीने लिहीत. त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्रातून ही पद्धत लोकांना कळली, तेव्हा असे मोजूनमापून लिहिणे अनेकांना रुचले नाही. मला मात्र त्यात लेखनाविषयीची निष्ठाच दिसते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत पाळी करणाऱ्या माणसाला तेवढा वेग साधणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रोज दोनशे शब्द लिहिले, तरी वर्षातल्या तीनशे दिवसांत साठ हजार शब्द होतात. पण शब्दसंख्येपेक्षा सलगता मोलाची आहे. आठ दिवस कथा बाजूला पडली की पात्रांचा आवाज हरवतो आणि तो पुन्हा सापडेपर्यंत हाती आलेला एकुलता एक रविवार संपून जातो. रोज थोडे लिहिणाऱ्याच्या मनात बांधावर, बसमध्ये, यंत्राशी उभे असतानाही कथा चालू राहते. कन्नड-मराठी मिसळून बोलणाऱ्या एखाद्या आजीचे वाक्य कानी पडले, तर ते कुठे वापरायचे हे त्याला तिथल्या तिथे सुचते.

मी वहीच्या डाव्या पानावर खर्डा लिहितो आणि उजवे पान कोरे ठेवतो. लिहीत असताना मागचे वाक्य सुधारायला जायचे नाही, एवढा एकच नियम. उजव्या पानावरची दुरुस्ती काही आठवड्यांनी करायची, कारण ताज्या खर्ड्यातले दोष लिहिणाऱ्याला दिसत नाहीत. मध्येच एखादी ओळ अडत असेल, तर पुढचा प्रसंग आधी लिहावा. आणि उद्या काय लिहायचे ते ठाऊक असतानाच आज वहीवरून उठावे. तसे केले की दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच वेळ जात नाही.

मार्च ते मे या काळात असे तीन-चार खर्डे जमले, तर संपादकांचे पत्र आल्यावर लावण सोडून कथा सुचण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. वहीतला एक खर्डा काढायचा आणि संध्याकाळी शेतावरून परतल्यावर त्याच्या उजव्या पानावर काम सुरू करायचे.