पियानोच्या तारेतली खरखर

श्रोतेहो, नमस्कार.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा तार घोडीच्या माथ्याला हलकेच स्पर्शत राहावी आणि त्या स्पर्शातून झणकार उमटावा, अशीच आपली इच्छा असते. पियानोची मागणी नेमकी उलट आहे. तिथे तार जिथे टेकते तिथे पक्की टेकली पाहिजे. त्यात थोडी जरी ढिलाई आली, तरी स्वराबरोबर खरखर ऐकू येऊ लागते.

मात्र तारेला दोष देण्याआधी खोली तपासावी. मुंबईच्या लहान दिवाणखान्यांत पियानोवर तसबिरी आणि शेजारी काचेचे शोकेस असते. एखाद्या ठरावीक पट्टीच्या कंपनाने त्यांतले काहीतरी थरथरते आणि आवाज थेट पियानोतून आल्यासारखा वाटतो. एकाने ती पट्टी वाजवत राहावी आणि दुसऱ्याने एकेका वस्तूवर हात ठेवत जावे. ध्वनिफळीवर, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पियानोतल्या लाकडी फळीवर, पडलेली पेन्सिलही असाच त्रास देते.

खोली निर्दोष ठरली, की तारांकडे वळावे. ८८ पट्ट्यांमागे सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात: खर्जाच्या टोकाला पट्टीमागे एक, पुढे दोन आणि त्यानंतर तीन. म्हणून शेजारच्या तारांत रबराची पाचर घालून एकच तार मोकळी ठेवावी आणि तेवढीच ऐकावी. खर्जाच्या पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती सैल झाली की भर्र असा आवाज येतो. अशा वेळी कारागीर ताण उतरवून तारेचा फास काढतो, गुंडाळीच्याच दिशेने एक पीळ देतो आणि तार परत चढवतो. पुष्कळदा एवढ्याने ती शांत होते.

मला सर्वांत फसवा वाटतो तो वरच्या सप्तकांतला दोष. तिथे कधीकधी एकटी तारसुद्धा लहरते, जणू दोन बेसूर तारा एकत्र वाजत आहेत, आणि सूर लावणाऱ्याला विनाकारण बोल लागतो. तारेला जागी धरण्यासाठी पियानोच्या घोडीत ठोकलेली बारीक पिन सैल झाली, की उभ्या आणि आडव्या कंपनांसाठी तारेची लांबी किंचित वेगळी होते, त्यातून दोन अगदी जवळचे स्वर निघतात आणि ते कितीही जुळवले तरी जुळत नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिन बाजूने दाबून धरल्यावर लहर थांबली, तर निदान पक्के समजावे. पिनेच्या मुळाशी पातळ, झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला, की बहुधा काम होते. आपल्या पावसाळ्यात फुगणारे आणि एसीच्या कोरड्या हवेत आक्रसणारे लाकूड पिनेची पकड सैल करत असते, म्हणून पियानो एसीच्या थेट झोतात ठेवू नये.

पट्टी सोडताना झिंग ऐकू आली, तर डॅम्परचे, म्हणजे पट्टी सोडल्यावर तारेवर टेकून स्वर थांबवणाऱ्या भागाचे, फेल्ट कडक झाले आहे का, ते पाहावे. सर्वांत वरच्या साधारण वीस पट्ट्यांना डॅम्परच नसतो. तिथे स्वर रेंगाळणे हा दोष नव्हे.

सर्व तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात असतो, त्यामुळे त्या स्वतः सैल करू नयेत. कारागिराला बोलावताना मात्र कोणती पट्टी, हळू वाजवताना की जोरात, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, आणि पावसात आवाज वाढतो का, एवढे कागदावर लिहून ठेवावे.