सव्विशीनंतरची चाल

(दृश्य: तेंदो, यामागाता प्रांत. लाकूड कोरणारे हात.)

उत्तर जपानमधलं तेंदो. शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, सोंगट्या म्हटलं की जपानी माणसाला आधी हेच नाव आठवतं. पाच कोनांचा लाकडाचा तुकडा, वर कोरलेली अक्षरं, त्यात भरलेली काळी लाख. जरा निरखून बघा: दोन्ही खेळाडूंच्या सोंगट्या एकाच रंगाच्या आहेत. कुठली कुणाची, हे फक्त टोक कुणीकडे आहे त्यावरून कळतं. याचं कारण खेळाच्या नियमात आहे. बुद्धिबळात मारलेलं प्यादं पटाबाहेर जातं आणि विषय संपतो. शोगीत मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या ताब्यात येते आणि पुढे कधीही, त्याच्या बाजूने, पुन्हा पटावर उतरू शकते.

एक्क्याऐंशी घरं, प्रत्येकाकडे वीस सोंगट्या. खेळाची एवढी ओळख पुरे. आपली गोष्ट एका खेळाडूची आहे.

(दृश्य: तोक्यो, सेंदागाया. हातोमोरी हाचिमान देवस्थान.)

या देवळाच्या आवारात शोगीसाठी वेगळी छोटी वास्तू आहे. आत ठेवलीय राजाची एक भलीमोठी सोंगटी. ओयामा यासुहारू या दिग्गज खेळाडूने ती 1986 साली अर्पण केली. इथून चार पावलांवर ती विटकरी रंगाची पाच मजली इमारत, म्हणजे जुनं शोगी भवन, जपान शोगी संघटनेचं मुख्यालय. 2024 मध्ये संघटनेचा कारभार जवळच्याच नव्या इमारतीत गेला, पण व्यावसायिक शोगीच्या कित्येक पिढ्या या विटकरी इमारतीत घडल्या. आणि तितक्याच पिढ्या इथूनच घरी गेल्या.

(दृश्य: तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, समोरासमोर बसलेली मुलं.)

व्यावसायिक व्हायचं तर नेहमीची वाट एकच: शोरेइकाइ, म्हणजे संघटनेची प्रशिक्षण शाळा. शाळा म्हणायची, पण इथे वर्ग भरत नाहीत, नुसते डाव होतात. दहा-बारा वर्षांची मुलं आधी एखाद्या व्यावसायिकाला गुरू करतात, मग प्रवेश परीक्षा देतात. आपापल्या गावात ती अजिंक्य असतात. इथे आल्यावर कळतं की समोरचाही त्याच्या गावात अजिंक्यच होता. सुरुवात बहुधा सहाव्या 'क्यू'पासून; 'क्यू' ही खालची श्रेणी, 'दान' वरची. तिथून पायरी पायरी चढत पहिला दान, दुसरा, तिसरा. चौथा दान मिळाला की तुम्ही व्यावसायिक. पगार, मान, वर्तमानपत्रांच्या मोठ्या स्पर्धा, सगळं त्या चौथ्या दानापलीकडे.

तिसऱ्या दानाच्या खेळाडूंची साखळी स्पर्धा वर्षातून दोनदा होते. प्रत्येकाचे अठरा डाव. तीस-चाळीस जणांतून वर जातात फक्त पहिले दोघे. म्हणजे सगळ्या जपानातून वर्षाला साधारण चार.

आणि वर वयाची अट. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत पहिला दान हवा, सव्विसाव्यापर्यंत चौथा. साखळीत जिंकलेले डाव हरलेल्यांपेक्षा जास्त असतील तर थोडी मुदतवाढ मिळते. नाहीतर नमस्कार करून निघायचं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वयाचा हिशेब करत बसलेली पोरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे लहानपणापासून दुसरं काही केलेलंच नसतं.

(दृश्य: योकोहामा. निवासी वस्तीतला अरुंद रस्ता.)

शोजी सेगावा. जन्म 1970, योकोहामा. समोरच्याच घरातला मुलगा त्याच्या बरोबरीचा शोगीवेडा, त्यामुळे प्रतिस्पर्धी शोधायला रस्ता ओलांडला की झालं. 1984 मध्ये, चौदाव्या वर्षी, सेगावा शोरेइकाइत दाखल झाला. बाविसाव्या वर्षी तिसरा दान. मग साखळी. एक हंगाम, दुसरा, तिसरा, असे आठ हंगाम. 1996 च्या मार्चमध्ये तो सव्वीस वर्षांचा झाला, आणि बाहेर पडला.

त्याने शोगी सोडली. पुढे कॉलेज केलं, नंतर एका कंपनीत नोकरी धरली. सोंगट्यांना पुन्हा हात लावला तो हौस म्हणून. आता हरलो तर आयुष्य जाईल, अशी भीती उरली नव्हती. 1999 मध्ये तो हौशी खेळाडूंचा 'मेइजिन', म्हणजे किताबधारी विजेता, झाला. अशा विजेत्यांना काही स्पर्धांत व्यावसायिकांशी खेळता येतं. टीव्हीवरच्या गिंगा स्पर्धेत हा नोकरदार माणूस व्यावसायिकांना एकामागून एक हरवू लागला. दहापैकी सात डाव याचे. हरलेल्यांत तोशिआकी कुबो होता, सर्वोच्च 'ए' वर्गातला.

संघटनेला त्याची दया आली आणि दार उघडलं, असं हल्ली रंगवून सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. दर आठवड्याला तुमचेच लोक टीव्हीवर त्याच्याकडून हरत असतील, तर दार बंद ठेवणंच अवघड होतं.

(दृश्य: 2005 ची वृत्तचित्रं. कॅमेऱ्यांची गर्दी.)

फेब्रुवारी 2005. सेगावाने लेखी विनंती केली: मला व्यावसायिक होऊ द्या. यापूर्वी असं झालं होतं ते 1944 साली, मोतोजी हानामुराच्या वेळी. मे महिन्यात संघटनेच्या सभेत मतदान झालं. विरोधातही मतं पडली, पण बहुमत परीक्षेच्या बाजूने होतं. अट ठरली: सहा डाव, तीन जिंकायचे.

पहिला डाव जुलैत. समोर शोरेइकाइतला सतरा वर्षांचा अमाहिको सातो, जो पुढे खुद्द व्यावसायिकांचा मेइजिन झाला. सेगावा हरला. शोगीत राजा मारला जाईपर्यंत कुणी खेळत नाही. हरणारा स्वतःच मान लववून सांगतो, हरलो. त्या दिवशी ती मान कॅमेऱ्यांसमोर लववावी लागली. त्यानंतर त्याला प्राथमिक शाळेतल्या बाईंचं पोस्टकार्ड आलं. वर डोरेमॉनचं चित्र होतं.

दुसऱ्या डावाला हिरोमित्सु कान्की आला तो गुलाबी सूट घालून. फ्रेममध्ये शोधावं लागत नाही. सेगावा जिंकला. तिसऱ्यात कुबोने मागचा हिशेब चुकता केला. चौथ्यात हिरोए नाकाई, महिला खेळाडूंमधलं मोठं नाव. सेगावा जिंकला. दोन-दोन.

(दृश्य: 6 नोव्हेंबर 2005. पट जवळून.)

पाचवा डाव. समोर हिदेयुकी ताकानो, शोरेइकाइतल्या त्याच दिवसांतला सोबती. तो वेळेत वर गेला होता, हा राहिला होता. पटावर सोंगटी टेकवताना ती दोन बोटांत कशी धरलीय बघा: मधलं बोट वर, तर्जनी खाली. लहानपणी लागलेलं हे वळण मधल्या वर्षांत मोडलेलं नाही. मान यावेळी ताकानोने लववली.

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी सेगावा चौथ्या दानाचा व्यावसायिक झाला. सुरुवात व्यावसायिकांच्या नियमित साखळीबाहेरच्या 'मुक्त वर्गात'. 2009 मध्ये जिंकून नियमित वर्गात. 2018 मध्ये सहावा दान. मोठा किताब नाही.

2006 मध्ये परीक्षेचा कायम नियम झाला. आता नव्या व्यावसायिकांशी पाच डाव, त्यांतले तीन जिंकायचे. त्याच वाटेने 2014 मध्ये केन्जी इमाइझुमी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आत आला. वृद्धांची शुश्रूषा करण्याची नोकरी करत तो खेळत होता. जानेवारी 2025 मध्ये तोमोका निशियामा तीन-दोनने हरली, नाहीतर या वाटेने येणारी ती पहिली स्त्री ठरली असती.

शोरेइकाइतली सव्विशीची अट मात्र अजून आहे तशीच आहे.