खणाखणाने वाढणारे घर

वाईच्या गणपती आळीतून घाटाकडे येताना जे जुने वाडे दिसतात, त्यांच्या रचनेचे माप आहे खण, म्हणजे दोन खांबांमधले अंतर. लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे राहतात, त्यांवर तुळया बसतात, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत, येतो. आणि माडीचा बराचसा भार या सांगाड्यातून जमिनीत उतरत असल्यामुळे आतली भिंत पुष्कळदा केवळ आडोशाचे काम करते. भाऊ वेगळे निघाले की असा आडोसा घालून एकाच माजघरात दोन संसार मांडता येतात, पुढे तो काढून दोन खण पुन्हा एक करता येतात, आणि रस्त्याकडच्या सोप्याचा, म्हणजे ओसरीचा, दुकानगाळा होऊ शकतो. वाडे पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडले याचे श्रेय सागवानाइतकेच या मोकळ्या मापालाही द्यायला हवे.

टिकणारा सांगाडा आणि बदलणारी मांडणी यांची अशी फारकत डच वास्तुकार जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्ये सामूहिक गृहबांधणीसाठी आग्रहाने मांडली. बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर अनेक कुटुंबांना जोते, पाणी आणि सांडपाण्याची सोय एवढेच मिळाले. उरलेले घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवले.

सातारा शहराच्या नव्या वस्त्यांमध्येही घर पुढे वाढणार हे गृहीतच असते. गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसतात त्या याचसाठी. परंतु सह्याद्रीच्या पावसात उघड्या राहिलेल्या सळया गंजतात, आणि मजला चढवायची वेळ येते तेव्हा जोडाच्या जागीच लोखंड कमजोर झालेले असते. या सळया कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवल्या तर हे बरेचसे टळते, आणि खर्चही फारसा येत नाही. पाया मात्र वाढीव मजल्यांचा भार धरून पहिल्याच दिवशी घालावा लागतो. नळ आणि वायरी भिंतीत व स्लॅबमध्ये गाडल्या की न्हाणीघर हलवणे म्हणजे अर्धे घर फोडणे ठरते. त्यांच्यासाठी उभा, उघडता येणारा डक्ट, म्हणजे पोकळ कप्पा, ठेवला तर ते काम पुष्कळ सोपे होते.

बदलाला मर्यादाही आहेत, आणि सातारा जिल्ह्यात त्या विसरणे परवडणारे नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या परिसरात मोठा भूकंप झाला. तळमजल्यावर दुकाने काढण्यासाठी भिंती हटवल्या आणि वरचे मजले भिंतींनी भरलेलेच राहिले, तर तळमजला वरच्या मजल्यांच्या मानाने लवचीक होतो आणि धक्क्याच्या वेळी बहुतेक ताण त्याच्याच कॉलमवर येतो. म्हणून कोणती भिंत काढता येईल आणि कोणती नाही, पाया किती मजल्यांचा धरला आहे, कॉलममध्ये किती लोखंड आहे, हे दाखवणारे नकाशे घराच्या कागदपत्रांत खरेदीखताइतक्याच काळजीने ठेवावेत, कारण वीस वर्षांनी मजला चढवणारा अभियंता बहुधा दुसराच असतो.